बेंजो पार्टीची फिल्म आणि बाकीचे बँड : एडिटच्या नोंदी

१४ जून २०२५

दोन्ही हार्ड डिस्क आज उघडल्या. एकूण ४१ तासांच्या रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं चित्रण. गेल्या गणपतीपासून यंदाच्या मे महिन्यातल्या लगीनसराईपर्यंत पनवेलजवळच्या एका बेंजो पार्टीच्या मागे आम्ही दोघं फिरलो, त्याचा हा हिशेब. त्यातले २६ तास नुसतं वाजवणं : हळदी, मिरवणुका, एक जत्रा. उरलेल्या १५ तासांत टेम्पो, चहा, वायरी, वाट बघणं आणि एक भांडण. फिल्म ५० मिनिटांची करायची आहे.

ज्यांनी बेंजो फक्त वरातीत लांबून ऐकलाय त्यांच्यासाठी : हा अमेरिकन बँजो नव्हे. एका हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, आणि पिकअपची वायर थेट अँप्लिफायरला. मूळचं जपानी वाद्य, तैशोगोतो. आपल्याकडे आलं, बुलबुलतरंग झालं, विजेला जोडलं आणि हळदीत शिरलं. आमच्या पार्टीत बारा जण. बेंजोवर दोघे : मास्टर आणि धाकटा. धाकटा जानेवारीत पार्टी सोडून गेला.

कापायला बसण्याआधी बँडवरचे काही माहितीपट पुन्हा बघायचं ठरवलंय. प्रत्येक फिल्मला प्रश्न एकच विचारायचा : या माणसांबद्दल मला जे कळलं ते गाणं चालू असताना कळलं, की थांबल्यावर?

१७ जून

वाजवण्याच्या दृश्यांचा पहिला जोड लावला. ३ तास ५० मिनिटं. सलग बघितला, मध्येच झोप लागली. वाजवताना सगळे सारखेच दिसतात. घामेजलेले, खूश, मान डोलावणारे.

रात्री 'स्टॉप मेकिंग सेन्स' (१९८४). याला माहितीपट म्हणावं की मैफलीचं चित्रण, या वादात पडत नाही. टॉकिंग हेड्सचे डिसेंबर १९८३ मधले हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरातले कार्यक्रम जोनाथन डेमीने टिपले. एकही मुलाखत नाही. तरी बँड म्हणजे काय ते कळतं, कारण तो डोळ्यांदेखत उभा राहतो. रिकाम्या रंगमंचावर डेव्हिड बर्न एकटा येतो, गिटार आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन. दुसऱ्या गाण्याला टीना वेमाउथ बास घेऊन येते. तिसऱ्याला ड्रम्सचा चौथरा ढकलत आणतात आणि ख्रिस फ्रांट्झ बसतो. चौथ्याला जेरी हॅरिसन. काळ्या कपड्यांतले कामगार मागे सामान सरकवत असतात, त्यांना लपवलेलं नाही. प्रेक्षकांचे चेहरे जवळजवळ शेवटपर्यंत दिसत नाहीत. म्हणजे कोणी नाचतंय म्हणून आपणही खूश व्हावं, ही सोय डेमीने काढून घेतली.

आमच्याकडे टेम्पो भरतानाचं ११ मिनिटांचं न तुटलेलं चित्रण आहे. कॅमेरावाल्या मित्राने कंटाळून कॅमेरा स्टँडवर ठेवला आणि तो वडापाव खायला गेला, त्याची ही कृपा. रिकामा टेम्पो, मग जनरेटर, मग स्पीकर, मग ढोल, शेवटी माणसं. सुरुवात सापडली.

२१ जून

'लेट इट बी'. बीटल्सवरची, मायकेल लिंडसे-हॉगची, १९७० ची. अनेक वर्षं ही धड बघायला मिळत नव्हती. गेल्या वर्षी मे महिन्यात डिस्ने प्लसवर साफसूफ करून आली. जेमतेम ८० मिनिटं. थंड, निळसर, कोणाचं कोणाकडे लक्ष नाही असं वातावरण. पॉल मॅकार्टनी जॉर्ज हॅरिसनला गिटार कशी वाजवावी ते समजावतोय आणि जॉर्ज अशा सुरात उत्तर देतोय की तू म्हणशील ते वाजवतो, नको म्हणशील तर वाजवतच नाही. घरात जेवताना असा सूर लागला की आई ताटं उचलायला लागते.

तारखा मांडल्यावर वेगळीच गंमत दिसते. हे चित्रण जानेवारी १९६९ चं. त्यानंतर याच चौघांनी 'अॅबी रोड' हा अख्खा अल्बम केला आणि तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. पॉल वेगळा झाल्याची बातमी फुटली १० एप्रिल १९७० ला, आणि फिल्म थिएटरात लागली मे महिन्यात. बघायला गेलेला प्रत्येक माणूस निकाल आधीच ऐकून आत गेला होता. त्याला साध्या जांभईतही घटस्फोट दिसणार.

२२ आणि २३ जून

दोन रात्री 'गेट बॅक'. पीटर जॅक्सन, २०२१, तीन भाग, जवळपास आठ तास. कच्चा माल तोच, लिंडसे-हॉगच्या माणसांनी १६ मिमीवर टिपलेला : सुमारे ६० तासांचं चित्र आणि दीडशे तासांहून जास्त आवाज. माल तोच, पण बँड दुसराच. हसतात, एकमेकांच्या नकला करतात, टोस्ट खातात, जुनी गाणी वेड्यावाकड्या आवाजात म्हणतात.

आणि तरी लपवाछपवी जॅक्सनकडे कमी आहे, हे मला पहिल्या वेळी लक्षात आलं नव्हतं. १० जानेवारीला जॉर्ज बँड सोडून निघून जातो. 'लेट इट बी'त हा प्रसंगच नाही! उदास समजल्या जाणाऱ्या फिल्ममधून सगळ्यात उदास गोष्ट गायब, आणि आनंदी म्हणून गाजलेल्या फिल्ममध्ये ती पूर्ण. १३ तारखेला सकाळी फक्त पॉल आणि रिंगो आलेत. आता आम्ही दोघंच, असं काहीसं पॉल म्हणतो आणि गप्प होतो. डोळे भरलेले. कॅमेरा हलत नाही. आठ तासांत मला बीटल्सबद्दल सगळ्यात जास्त त्या गप्प बसण्यात कळलं.

दुसरी जागा ७ तारखेची. जॉन लेनन अजून आलेला नाही. पॉल बासवर एकच ठेका खरडत बसलाय, तोंडाने काहीबाही शब्द. जॉर्ज जांभई देतोय, रिंगो बघतोय. दोन-चार मिनिटांत त्या खरडण्यातून 'गेट बॅक' हे गाणं वर येतं. कोणी टाळ्या वाजवत नाही. गाणं जन्माला आलंय हे खोलीत कोणाला कळलेलंही नाही, चहा कधी येणार हा प्रश्न मोठा आहे.

जॅक्सनने वरून काय लावलं? दिनदर्शिका. प्रत्येक दिवसावर फुली मारत जायचं. रिंगोला पुढे सिनेमाच्या शूटिंगला जायचंय, तोवर नवी गाणी तयार हवीत, आणि एक कार्यक्रम करायचाय जो कुठे करायचा तेच ठरत नाही. लिंडसे-हॉगच्या डोक्यात लिबियातलं प्राचीन रोमन नाट्यगृह. रिंगो म्हणतो मी परदेशात येणार नाही. शेवटी ३० जानेवारीला सॅव्हिल रोवरच्या स्वतःच्याच ऑफिसची गच्ची. लिबियापासून गच्चीपर्यंत ही जी उतरण आहे ना, ती गावोगावच्या प्रत्येक मंडळाला ठाऊक आहे. आमच्या मास्टरांनाही यंदा एका मोठ्या राजासमोर वाजवायचं होतं.

आणखी एक. २२ तारखेला बिली प्रेस्टन सहज भेटायला येतो, इलेक्ट्रिक पियानोवर बसतो आणि अर्ध्या तासात चौघांचं वागणं बदलतं. घरात पाहुणा आला की नवरा-बायको भांडत नाहीत, तेच. आमच्या पार्टीत मूळचा ऑक्टोपॅडवाला आजारी पडल्यावर खोपोलीहून एक पोरगा आला होता. त्या दोन दिवसांच्या रशेस पुन्हा बघायच्या.

जॅक्सनही तटस्थ नाही, हेही लिहून ठेवतो. निर्मात्यांत पॉल, रिंगो, जॉनची बायको योको ओनो आणि जॉर्जची बायको ऑलिव्हिया हॅरिसन आहेत. घरच्यांनी पैसे आणि पेट्या दिल्या की कथा थोडी घरची होतेच.

२६ जून

आज चित्र बंद ठेवून नुसते कान लावले. ट्विकनहॅम स्टुडिओच्या उपाहारगृहात जॉन आणि पॉल जॉर्जबद्दल बोलायला बसले, तेव्हा चित्रीकरण करणाऱ्यांनी फुलदाणीत माईक लपवला होता. आपलं बोलणं खाजगी आहे असं समजून ते जॉर्जच्या मनावर पडलेल्या घावाबद्दल बोलतात. 'गेट बॅक'मध्ये पडद्यावर फक्त अक्षरं आणि आवाज, आणि ते सहन करायला जड जातं.

ते चौघेही काही भोळे नव्हते. कॅमेरा जवळ आला की गिटार खरडत राहायचे, म्हणजे बोलणं टेपवर झाकलं जावं. आवाज मोनो, म्हणजे सगळं एकाच पट्टीवर, झाकलेलं ते कायमचं झाकलेलं, असा त्यांचा हिशेब. पन्नास वर्षांनी जॅक्सनच्या माणसांनी यंत्राला प्रत्येकाचा आवाज ओळखायला शिकवलं आणि गिटार बाजूला काढून खालचं बोलणं वर आणलं. त्याच तंत्राने पुढे जॉनच्या जुन्या कॅसेटवरचा गळा पियानोतून सोडवला आणि २०२३ मध्ये 'नाऊ अँड देन' आलं. गाण्यासाठी वापरलं तर चमत्कार. बोलण्यासाठी वापरलं तर काय, ते ठरत नाहीये.

कारण आमच्याकडेही एक फुलदाणी आहे. नवरात्रात रात्री दोन वाजता परतताना टेम्पोत मास्टरांच्या शर्टाला लेपल माईक तसाच राहिला. २३ मिनिटं. धाकटा दुसऱ्या पार्टीच्या दोन सुपाऱ्या वाजवून आला हे मास्टरांना कळलेलं. धाकटा म्हणतो, इथे रात्रीचे ६०० मिळतात. मास्टर गप्प. मग मास्टर जे बोलतात ते इथे लिहीत नाही.

दोघांनाही माईकचं माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं, पण ती सबब झाली.

२ जुलै

'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' (२००४). जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनोफ्स्की. मेटॅलिका. यांच्याकडे १६०० तास चित्रण होतं म्हणे, त्यामुळे माझ्या ४१ तासांचं रडगाणं आजपासून बंद.

पहिल्यांदा बघितली तेव्हा मी विशीत होतो आणि मित्रांबरोबर हसून लोळलो होतो. जगातला सगळ्यात दांडगा मेटल बँड गोल करून बसतो आणि महिन्याला ४० हजार डॉलर घेणाऱ्या फिल टॉवल नावाच्या समुपदेशकासमोर मनातलं बोलतो. कोणाला हसू येणार नाही? या वेळी हसू आलं नाही. गायक जेम्स हेटफिल्ड व्यसनमुक्तीहून जवळपास वर्षाने परत येतो आणि सांगतो, मी दुपारी बारा ते चार एवढंच काम करणार, आणि माझ्यामागे तुम्हीही ध्वनिमुद्रण ऐकत बसायचं नाही. ड्रमर लार्स उलरिक येरझारा घालतो. बँड म्हणजे वेळेवरचा हक्क, हे इतकं उघडं मी दुसरीकडे बघितलेलं नाही. सूर, ताल, मैत्री सगळं त्याच्या नंतर.

बास वाजवणारा जेसन न्यूस्टेड याआधीच, जानेवारी २००१ मध्ये, गेलाय. कारण? त्याला बाजूला स्वतःचा दुसरा बँड करायचा होता आणि हेटफिल्डला ते मान्य नव्हतं. फिल्म थांबवून मी दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसलो. कोटींचे सौदे करणारा बँड आणि रात्रीचे ६०० देणारी पार्टी, दुखणं एकच : दुसऱ्याच्या सुपारीला गेलास कसा. फरक एवढाच की न्यूस्टेड गेल्यावर फिल्ममध्ये त्याला वेगळं बसवून त्याची बाजू विचारली आहे. समुपदेशक बोलावण्याच्या कल्पनेबद्दल तो जे बोलतो ते फिल्ममधलं सगळ्यात शहाणं बोलणं आहे.

धाकट्याची मुलाखत आमच्याकडे नाही. घ्यायला हवी.

लार्सच्या वडिलांचं दृश्यही वहीत हवं. लांब पांढरी दाढी, शांत चेहरा. मुलगा नवीन तुकडा ऐकवतो, बाबा विचार करून म्हणतात, पुसून टाक. पन्नास लाखांचा प्रेक्षकवर्ग असो, बापापुढे पोरगा पोरगाच दिसतो. मास्टरांची आई मागच्या खोलीतून ओरडते, 'आवाज कमी करा रं,' ते ठेवलंच पाहिजे.

९ जुलै

पाऊस. दुपारभर वीज नाही. एका डिस्कमधून कट-कट आवाज यायला लागला म्हणून दिवसभर फक्त कॉपी. काम शून्य.

१३ जुलै

'गिमी शेल्टर' (१९७०). ही रविवारी सकाळी, उजेडात बघायची असं ठरवलेलं.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ६ डिसेंबर १९६९, कॅलिफोर्नियातला ऑल्टामाँटचा शर्यतीचा ट्रॅक, रोलिंग स्टोन्सचा फुकट कार्यक्रम, तीन लाखांच्या आसपास लोक. जागा अगदी शेवटच्या घडीला बदललेली, मंच बुटका, आणि मंचाभोवती हेल्स एंजल्स ही मोटारसायकलवाल्यांची टोळी. जेफरसन एअरप्लेन बँडच्या मार्टी बालिनला मंचावरच मारून बेशुद्ध केलं. हे ऐकून ग्रेटफुल डेड हा बँड न वाजवताच परत गेला. स्टोन्स वाजवत असताना मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या काळ्या तरुणाने पिस्तूल काढलं आणि एका एंजलने त्याला भोसकलं. कॅमेऱ्यात आलं. पुढे खटल्यात हेच चित्रण पुरावा म्हणून दाखवलं गेलं आणि आरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटला.

अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स यांचं नाव सगळे घेतात. तिसरं नाव शार्लट झ्वेरिनचं. ती संकलक, आणि फिल्म उभी राहते ती तिच्या कल्पनेवर : स्टोन्सना एडिटिंग टेबलापाशी बसवायचं, त्यांचंच चित्रण त्यांना दाखवायचं, आणि ते बघतानाचे त्यांचे चेहरे टिपायचे. त्यामुळे मृत्यू शेवटी धक्का म्हणून येत नाही. आपल्याला सुरुवातीपासून माहीत असतो, त्यांनाही असतो. एंजल्सचा म्होरक्या रेडिओवर फोन करून आपली बाजू मांडतोय त्याची टेप चार्ली वॉट्स ऐकतो. काय बोलावं ते त्याला सुचत नाही. मिक जॅगर तो तुकडा मागे घ्यायला सांगतो, पुन्हा बघतो, सुरा दिसतो. मग उठून जातो आणि त्याच्या चेहऱ्यावर चित्र गोठतं. त्या चेहऱ्यावर काय आहे हे मी तीनदा बघितलं. पश्चात्ताप म्हणावा तर नाही, थंडपणा म्हणावा तर तोही नाही.

पण माझी जागा त्याच्या आधीची. मसल शोल्सच्या स्टुडिओत नुकतंच मुद्रित केलेलं 'वाइल्ड हॉर्सेस' हे गाणं बँड ऐकतोय. कोणी वाजवत नाही. कीथ रिचर्ड्स डोळे मिटून आडवा, त्याच्या बुटांचा क्लोजअप. चार्ली वॉट्स कॅमेऱ्याकडे बघतो आणि नजर काढत नाही. कॅमेराही काढत नाही.

१४ जूनच्या प्रश्नाला बहुतेक हेच उत्तर आहे. वाजवताना नाही, थांबल्यावरही नाही, स्वतःचं ऐकताना. स्वतःचं वाजवणं ऐकणारा माणूस खोटं तोंड करू शकत नाही.

ठरलं : रफ कट झाला की पार्टीला दाखवायचा आणि दाखवताना कॅमेरा लावायचा. मित्र म्हणाला, ही चोरी आहे. म्हटलं, आहे.

१६ जुलै

दोन फिल्म्स लागोपाठ, दोन्ही एकाच तक्रारीच्या.

'द लास्ट वॉल्ट्झ' (१९७८). मार्टिन स्कॉर्सेसी. द बँड नावाच्या बँडचा निरोपाचा कार्यक्रम, २५ नोव्हेंबर १९७६, सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड. मडी वॉटर्स गायला उभा राहिला तेव्हा बहुतेक कॅमेरे रीळ बदलत होते, एकच चालू राहिला. त्या एकाच कॅमेऱ्याने खाल्लेलं गाणं फिल्ममधलं सगळ्यात भारी. नील यंगच्या नाकातला पांढरा ठिपका नंतर फ्रेम-फ्रेम करून पुसावा लागला. हे किस्से छान आहेत, पण मला अडकवलं ते लेव्हन हेल्मच्या रागाने. ड्रम वाजवत गाणारा हा माणूस पुढे उघड म्हणाला की फिल्म रॉबी रॉबर्टसनचीच झाली, बाकीचे त्याच्या मागचं सामान. रॉबर्टसन फिल्मचा निर्माताही होता. हे माहीत असलं की बघताना डोळे आपोआप मोजायला लागतात : क्लोजअप कोणाचे, मुलाखतीत बोलतंय कोण, आणि रिचर्ड मॅन्युएल पियानोमागे कुठे हरवला. निरोप हा सगळ्यांचा निर्णय असल्यासारखं दिसतं. १९८३ मध्ये बाकीचे पुन्हा एकत्र आले, रॉबर्टसनशिवाय.

'डिग!' (२००४). ऑन्डी टिमोनर सात वर्षं दोन बँडांच्या मागे होती. ब्रायन जोन्सटाउन मॅसकर आणि डँडी वॉरहोल्स, आधी दोस्त, मग स्पर्धक. एकातला अँटन न्यूकम मंचावर स्वतःच्याच वादकांना मारतो, आणि आपण त्याला वेडा प्रतिभावंत ठरवून मोकळे होतो. पण निवेदन कोणाच्या आवाजात आहे? समोरच्या बँडच्या गायकाच्या. न्यूकमला ही फिल्म कधीच पटली नाही. वीस वर्षांनी टिमोनरने वाढवून नवी आवृत्ती काढली, तिच्यात न्यूकमच्या बँडमधल्या जोएल गायनचाही आवाज निवेदनात आला. वीस वर्षं लागली.

माझ्या रफ कटमध्ये मास्टर ३४ मिनिटं आहेत. धाकटा ४ मिनिटं, त्यात भांडण धरून. निवेदन मास्टरांचं.

२० जुलै

'अॅनव्हिल!' (२००८). आधीच सांगतो, या फिल्मबाबत मी पक्षपाती आहे.

१९८४ मध्ये जपानमधल्या मोठ्या महोत्सवात स्कॉर्पिअन्स, व्हाइटस्नेक आणि बॉन जोव्हीबरोबर वाजवलेला कॅनडाचा बँड. बाकीच्यांनी कोट्यवधी रेकॉर्ड विकल्या. अॅनव्हिलचा गायक लिप्स टोरोंटोत शाळांना जेवण पोचवणाऱ्या गाडीवर काम करतो. बर्फात, डोक्यावर कापडी टोपी, हातात डबे. हे त्याचं पहिलं दर्शन संपत नाही तोच तो आज काय काय खायला आहे ते हौसेने सांगायला लागतो, आणि मी विकला जातो. दिग्दर्शक साशा गर्वासी पोरवयात यांचाच रोडी होता, म्हणजे सामान उचलणारा. म्हणून कॅमेरा लिप्सकडे बघून हसत नाही, त्याच्या बाजूला उभा राहून हसतो.

युरोपचा दौरा : गाडी चुकते, क्लबवाला पैसे देत नाही, दहा हजारांच्या सभागृहात पावणेदोनशेही माणसं नाहीत. आणि तेराव्या अल्बमच्या वेळी लिप्स आणि ड्रमर रॉब राइनर यांचं भांडण. दोघं चौदाव्या वर्षापासून एकत्र. लिप्स रडत जे म्हणतो त्याचा अर्थ असा, की राग काढायला मला दुसरं आहेच कोण. लग्नातही माणसं इतकं खरं बोलत नाहीत.

मित्र आज बरोबर होता. संपल्यावर म्हणाला, आपल्या मास्टरांचं दिवसाचं काम आपण दाखवलंच नाही. खरंच. मास्टर एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. एकही शॉट नाही आमच्याकडे. दहा महिन्यांत आम्हाला सुचलंच नाही, कारण आम्ही बँडची फिल्म करत होतो ना.

उद्या फोन करायचा.

२४ जुलै

गोदामात कॅमेरा न्यायला परवानगी नाही. गेटबाहेर उभं राहून मास्टर डबा घेऊन आत जातात ते घेतलं. ४० सेकंद. पुरे.

२७ जुलै

'लीव्हिंग होम' (२०१०), जयदीप वर्मा. इंडियन ओशन हा बँड. आपल्या भाषेत नसली तरी आपल्याकडची, त्यामुळे इथे मला सबटायटल्स वाचायला लागत नाहीत आणि चेहरे जास्त दिसतात. दिल्लीत करोल बागेतलं जुनं घर, त्यात सराव. घर स्वतःच एक वादक असल्यासारखं. सुश्मित सेन, असीम चक्रवर्ती, राहुल राम, अमित किलम. राहुल राम नर्मदा आंदोलनात राहिलेला, तिथलं 'मा रेवा' हे गाणं बँडमध्ये घेऊन आलेला. असीम जमिनीवर बसून तबला वाजवत गातो. फिल्म थिएटरात येण्याआधीच, डिसेंबर २००९ मध्ये, असीम गेला. त्यामुळे साध्या सरावाची दृश्यंही आता तशी साधी राहिलेली नाहीत, आणि यात दिग्दर्शकाने काही केलेलं नाही.

क्युबातल्या वादकांवरची 'ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब'ही पुन्हा लावली, ४० मिनिटांत बंद केली. गाणी स्वर्गीय. पण व्हिम व्हेंडर्सचा कॅमेरा वादकांभोवती गोल फिरतो, फिरतो, आणि मला भोवळ येते. इब्राहिम फेरेर बूट पॉलिश करून जगत होता, रुबेन गोन्झालेझकडे पियानो उरला नव्हता, हे ऐकून गळा दाटतो. मात्र हा बँड मुळात रेकॉर्डसाठी जमवलेला होता, रोजच्या भांडणांतून शिजलेला नव्हे. माझ्या कामाला उपयोग कमी.

१० ऑगस्ट

धाकटा भेटला. कळंबोलीला चहाच्या टपरीवर. आता दुसऱ्या पार्टीत मास्टर आहे, वय २४. फोनमध्ये टेम्पोतल्या त्या रात्रीची २३ मिनिटं टाकून नेली होती. इयरफोन लावून त्याने पूर्ण ऐकली, मध्ये एकदाही थांबवली नाही. मी कॅमेरा काढला नाही. काढावासा वाटला.

म्हणाला, 'वापरा ना दादा. पण आकडा कापायचा नाय. ६०० बोललो ते ऱ्हायला पाहिजे. नायतर लोकांना वाटंल मी उगाच भांडलो.'

मग कॅमेरा लावून मुलाखत दिली. ३५ मिनिटं. त्यात मास्टरांना एक वाईट शब्द नाही. बेंजोची बटणं मास्टरांनी स्वतः फाइलने घासून दिली होती म्हणे, याची बोटं बारीक म्हणून.

२५ ऑगस्ट

दुसरा रफ कट, ६१ मिनिटं. निवेदन काढून टाकलं. मास्टर २४ मिनिटं, धाकटा १३. परवा गणपती, पार्टीला सलग सुपाऱ्या. अनंत चतुर्दशीपर्यंत टाइमलाइन उघडायची नाही.

१४ सप्टेंबर

पितृपक्ष चालू, सुपाऱ्या नाहीत, सगळे मोकळे. मास्टरांच्या घरी भिंतीला चादर लावून कट दाखवला. अकरा जण, त्यांच्या घरची माणसं, वर पोरं. झ्वेरिनबाईंचं स्मरण करून कॅमेरा चादरीच्या बाजूला, तोंडं त्यांच्याकडे. या वेळी सगळ्यांना विचारून.

टेम्पो भरताना हशा. आईच्या ओरडण्यावर टाळ्या. मास्टर डबा घेऊन गेटमधून जातात तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, 'पप्पा, शर्ट तोच हाय.' मग भांडण आलं. मी चादरीकडे पाठ करून चेहरेच बघत होतो. ढोलवाल्याने मान खाली घातली. मास्टरांचा उजवा हात मांडीवर होता, त्याची बोटं हलत होती. नीट बघितलं तर बटणं दाबल्यासारखी.

संपल्यावर चहा. भांडणावर एकही शब्द कोणी काढला नाही. अर्धा तास वाद झाला तो तिसऱ्या गाण्यात ऑक्टोपॅड ऐकूच येत नाही यावर. ऑक्टोपॅडवाला खरोखर दुखावलेला.

सगळे गेल्यावर मास्टर अंगणापर्यंत आले. म्हणाले, 'त्याला दाखवलंत?'

म्हटलं, ऐकवलंय, दाखवलं नाही अजून.

'आकडा कशाला पण? पुढच्या सुपारीला गिऱ्हाईकं तोच धरून बसतील, ६०० मधे माणूस देता ना म्हणून.' थोडं थांबले. 'बोलणं राहू द्या. आकड्यावर बेंजो मारा.'

१७ सप्टेंबर

तिसऱ्या गाण्यात ऑक्टोपॅड ३ डेसिबल वर. मान खाली घातलेला ढोलवाला ठेवला. मास्टरांची बोटं ठेवली, ९ सेकंद, आवाज फक्त टेम्पोच्या इंजिनाचा.

दोन कॉपी काढल्या. एकीत आकड्यावर बेंजो, तोही धाकट्याचाच, हळदीतला. दुसरीत आकडा तसाच. घटस्थापना २२ ला, त्यानंतर दोन्ही पार्ट्या मोकळ्या नाहीत. रविवारी कळंबोलीला धाकट्याकडे दोन्ही घेऊन जायचं. मास्टर विचारत होते, किती वाजता.